सासूबाईंना रात्री दोनला जाग येते, झोपेची गोळी वाढवायची का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासूबाई ७४ वर्षांच्या, दीड वर्षापूर्वी सासरे गेल्यावर गावचं घर बंद करून तुमच्याकडे डोंबिवलीला आल्या, वन बीएचके आहे म्हणून हॉलमधल्या दिवाणावर झोपतात, साडेआठलाच आडव्या होतात, नऊपर्यंत झोप लागते पण दोनला जाग आली की पाचपर्यंत डोळ्याला डोळा नाही, मग तासभर लागते आणि सहाला उठतात, दुपारी जेवून दीड-दोन तास पडतात, झोपेची अर्धी गोळी चार वर्षं चालू आहे आणि आता ती पुरत नाही म्हणून पूर्ण करायची का असं तुम्ही विचारताय. आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत लिहिलंय की मागच्या महिन्यात रात्री बाथरूमला जाताना तोल गेला, नशिबाने मुका मारच लागला. मला विचाराल तर तुमच्या अख्ख्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

मी गेली २३ वर्षं ज्येष्ठ मंडळींवरच उपचार करते, आधी हॉस्पिटलमध्ये, आता स्वतःचं क्लिनिक आणि घरी जाऊन व्हिजिट, आणि खुब्याचं हाड मोडलेल्या कितीतरी आज्या मी पाहिल्यात ज्यांची गोष्ट "रात्री बाथरूमला उठले आणि..." अशीच सुरू होते. त्यामुळे आधी सरळ सांगते, गोळी वाढवू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम ही झोपेच्या गोळ्यांमधली सगळी मंडळी वयस्कर माणसाच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत, क्लोनाझेपाम तर दुसऱ्या दिवशीही अंगात रेंगाळतं, त्याने तोल जातो, विसराळूपणा वाढतो, कधीकधी रात्री उठल्यावर आपण कुठे आहोत हेच कळत नाही. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीची वृद्धांसाठी टाळायच्या औषधांची यादी आहे, बीअर्स क्रायटेरिया म्हणतात तिला, त्यात ही औषधं ठळकपणे आहेत. आणि २०१६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने स्पष्टच सांगितलं की जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नाही, सवयी आणि विचार बदलायची थेरपी आहे, तिला सीबीटी-आय म्हणतात. मी खाली जे सांगणारे ते बरंचसं त्याच थेरपीतलं आहे, फक्त आपल्या घरात, आपल्या माणसांना जमेल असं करून.

पण म्हणून आज रात्रीपासून गोळी बंद असंही करू नका हं, प्लीज. चार वर्षांची गोळी एकदम तोडली तर थरथर, घाबरणं, अजिबात झोप न लागणं आणि क्वचित फिट येण्यापर्यंत प्रकार होतात. आधी झोपेची घडी बसवायची, चार-सहा आठवडे जाऊ द्यायचे, आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती गोळी हळूहळू, पायरी पायरीने उतरवायची. हा क्रम उलटा केला की माणसं दोन रात्रींत हात टेकतात आणि "मला गोळीशिवाय जमतच नाही" हे डोक्यात पक्कं बसतं.

आता जरा हिशोब करू या. नऊ ते दोन म्हणजे पाच तास. पाच ते सहा एक तास. दुपारी पडतात त्यातला दीड तास तरी झोप असणारच. झाले साडेसात तास! चोवीस तासांत साडेसात तास झोप ७४ वर्षांच्या बाईंना अगदी पुरेशी आहे, या वयाला सात ते आठ तास धरतात आणि कित्येकांना सहा-साडेसहातही छान चालतं. म्हणजे त्यांची झोप कमी झालेली नाही, ती विखुरली आहे. आणि अंथरुणात किती वेळ जातो तो बघा, साडेआठ ते सहा म्हणजे साडेनऊ तास, त्यात झोप फक्त सहा तास. उरलेले साडेतीन तास काळोखात, एकटीने, छताकडे बघत, घड्याळाचे ठोके ऐकत. कुणालाही वाटेल की रात्रभर झोपच नाही. त्या खोटं बोलत नाहीयेत, त्यांचा छळ खरा आहे, फक्त त्याचं कारण वेगळं आहे.

वयानुसार झोपेचा पोतच बदलतो. गाढ झोपेचा भाग कमी होतो, झोप हलकी होते, रात्रीत दोन-तीनदा जाग येणं साहजिक असतं, आणि शरीराचं आतलं घड्याळ पुढे सरकतं म्हणजे संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग. जाग येण्याला आजार म्हणत नाहीत, जाग आल्यावर तास तास परत झोप न लागणं हा त्रास. पण घरात काय होतं, की झोप पुरत नाही म्हणून माणूस अजून लवकर आडवा होतो, दुपारी अजून पडतो, "जरा पाठ टेकते" करत दिवसभर दिवाणावरच असतो, आणि हीच भरपाई रात्रीची झोप खाऊन टाकते. झोपेची भूक असते हो, जेवणासारखीच. दुपारी चारला बशीभर पोहे खाल्ले तर रात्री ताटावर बसून काय होणार.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात मोठा सल्ला ऐकायला उलटा वाटेल, अंथरुणातला वेळ कमी करा. आर्थर स्पीलमन नावाच्या संशोधकाने १९८७ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजवर मी जेवढे बिनगोळीचे उपाय वापरले त्यात हिच्याइतका गुण कशाचाच नाही. तरुण माणसाला आपण एकदम वेळ कापायला सांगतो, पण सत्तरीपुढे मी हळूच कापते, कारण दिवसा पेंग येऊन पडल्या तर सगळंच मुसळ केरात. तुमच्याकडे असं करा. उठायची वेळ साडेपाच, रोज, रविवार असो की एकादशी, रात्र कशीही गेली तरी साडेपाच. ही वेळ खुंटीसारखी धरा. झोपायची वेळ पहिल्या आठवड्यात सव्वानऊ, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात साडेदहा. म्हणजे अंथरुणात सात तास, आणि त्यात सहा तास झोप झाली तरी अंथरुणातल्या वेळाचे पंच्याऐंशी टक्के झोपेत गेले, एवढं झालं की आपण जिंकलो. मग सलग आठवडाभर बरी झोप लागली की पंधरा-पंधरा मिनिटं परत वाढवायची. सहा तासांच्या खाली कधीच जायचं नाही. आणि ज्यांना फिट येतात किंवा बायपोलर आजार आहे त्यांनी हा प्रकार डॉक्टरांशिवाय करायचाच नाही, जागरणाने दोन्ही उसळतात.

तुम्ही म्हणाल साडेआठलाच त्यांचे डोळे मिटतात, साडेदहापर्यंत जागवायचं कसं. इथेच तर खरी मेहनत आहे आणि ती एकट्या सासूबाईंची नाही, घराची आहे. सात ते नऊ हा वेळ त्या दिवाणावर टीव्हीसमोर बसल्या की संपलं, मालिकेच्या दुसऱ्या ब्रेकलाच मान कलंडते आणि ती वीस मिनिटांची डुलकी रात्रीच्या दीड तासाला भोवते. त्या वेळेत हातात काम द्या, उद्याची भाजी निवडणं, लसूण सोलणं, नातवंडाचं पाढे म्हणून घेणं, गावच्या जावेला किंवा बहिणीला फोन, जेवणानंतर सोसायटीच्या पॅसेजमध्ये शतपावली. आणि हॉलची ट्यूबलाइट नऊपर्यंत पूर्ण चालू ठेवा. झोपेच्या बहुतेक सल्ल्यांत संध्याकाळी दिवे मंद करा असं असतं, ते उशिरापर्यंत जागणाऱ्यांसाठी बरोबर आहे, पण ज्यांना संध्याकाळीच पेंग येते आणि पहाटे टक्क जाग येते त्यांना संध्याकाळचा उजेड उलट मदत करतो, घड्याळ थोडं मागे ओढतो. त्याच हिशोबाने त्यांना पहाटे पाच-साडेपाचला अंगावर जोरात उजेड नको, चालायला जायचंच तर संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा न्या, आणि सकाळचं ऊन साडेआठ-नऊनंतर.

उजेडाबद्दल अजून थोडं बोलते कारण मला वाटतं तुमच्या घरातलं अर्धं दुखणं तिथे आहे. त्या गावी असताना काय करत असतील बघा, पहाटे सडा, अंगणात झाडलोट, परसात जाणं, ओटीवर बसणं, दिवसातले चार-पाच तास उघड्यावर. आणि आता? हॉल, किचन, हॉल. लक्स हे उजेडाचं माप, घरात ट्यूबलाइटखाली १०० ते ३०० लक्स उजेड असतो, बाहेर अगदी पावसाळी ढगाळ दिवशीही काही हजार लक्स आणि स्वच्छ उन्हात ५० हजारांच्या वर. आपल्या डोळ्याला घरातला आणि बाहेरचा उजेड फारसा वेगळा वाटत नाही पण मेंदूतल्या घड्याळाला तो फरक जमीन-अस्मानाचा असतो, दिवस कधी आणि रात्र कधी हे ते त्या उजेडावरूनच ठरवतं. त्यात वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, मोतीबिंदू असेल तर विचारूच नका, घड्याळाला लागणारा निळसर उजेड आत पोचतच नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर काही जणांची झोपही सुधारते ती यामुळे. तर रोज किमान अर्धा-पाऊण तास घराबाहेर, खाली बाकावर बसल्या तरी चालेल, आणि घरात असताना दिवाणावर नाही तर खिडकीजवळच्या खुर्चीवर.

हो, दिवाणाचंच सांगायचं होतं. रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती, की अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवलं की शरीर ते बघितल्यावर झोपेची तयारी करतं, आणि त्याच अंथरुणात बसून चहा, टीव्ही, भाजी, काळज्या सगळं चाललं की शरीराला काही कळेनासं होतं. आपल्याकडे ज्यांना स्वतंत्र बेडरूम नाही त्यांनी काय करायचं? पण आपल्या जुन्या घरांत याचं उत्तर होतंच की, सकाळी उठल्यावर गादी गुंडाळायची, उशा-पांघरुणं घडी करून ढिगावर, आणि रात्री पुन्हा अंथरूण घालायचं. तेच करा. सकाळी साडेपाचला उठल्या की चादर, उशी, गोधडी दिवाणावरून उचलून कपाटात, दिवसभर दिवाणावर वेगळी चादर, आणि बसायला खुर्ची. रात्री झोपायच्या वेळी अंथरूण त्यांनाच घालू दे, दोन मिनिटांचं काम पण मेंदूला इशारा मिळतो की आता निजानीज. दुपारची वामकुक्षी पूर्ण बंद करायला मी सांगत नाही, मन खट्टू होतं आणि माणूस बाकीचंही ऐकत नाही, पण ती खुर्चीत, तीनच्या आत, आणि अर्ध्या तासाचा गजर लावून.

आता रात्री दोनचं. जाग आली आणि अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत झोप परत लागली नाही तर पडून राहायचं नाही, उठून खुर्चीत बसायचं. अंदाजे म्हणते कारण घड्याळ बघायचंच नाही, भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या भिंतीवर न्या किंवा त्यावर टॉवेल टाका, मोबाईल किचनमध्ये. "दोन वाजले, आता चारच तास उरले" हा हिशोब सुरू झाला की छाती धडधडते आणि उरलीसुरली पेंग पळते. खुर्चीत बसून काय करायचं तर हाताला चाळा आणि डोक्याला ताप नाही असं काहीतरी, मंद दिव्यात. डोळे जड झाले की परत अंथरुणात. पुन्हा नाही लागली तर पुन्हा उठायचं.

यावरून एक पेशंट आठवतात, निवृत्त शिक्षिका, ७१ वर्षांच्या. नवऱ्याला पक्षाघात झाला होता आणि तीन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, तर या बाई रात्री बारा, दोन आणि चारला उठून त्यांना वळवायच्या, एकट्याने. ते गेले, आणि नंतर आठ महिने या बरोबर बारा, दोन आणि चारला जाग्या व्हायच्या, म्हणाल्या डॉक्टर, डोळे उघडायच्या आधी माझा हात शेजारच्या गादीवर जातो, आणि गादी गार लागते. मी त्यांना पहिल्या भेटीत झोपेबद्दल काहीच सांगितलं नाही, फक्त ऐकलं. मग आम्ही पलंगाची जागा बदलली, डोकं दुसऱ्या दिशेला, शेजारची गादी काढून तिथे एक छोटं टेबल आणि खुर्ची. आणि जाग आल्यावर करायला त्यांनी स्वतःच काम निवडलं, वाती वळणं. कापसाचा डबा, चिमूटभर रांगोळी बोटांना लावायला, आणि झिरोचा बल्ब. पहिल्या आठवड्यात एका रात्रीत शंभरच्या वर फुलवाती व्हायच्या, रोज सकाळी मोजून कॅलेंडरवर आकडा लिहायच्या. तिसऱ्या आठवड्यात चाळीसवर आल्या. सहाव्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा म्हणाल्या, आता देवघरातल्या वाती बाजारातून आणायची वेळ आली. बाराची आणि चारची जाग गेलीच होती, दोनला अजून उठायच्या पण पाणी पिऊन दहा मिनिटांत परत झोपायच्या.

स्पीलमन यांनीच समजावलंय की निद्रानाश ज्या कारणाने सुरू होतो त्याच कारणाने तो टिकत नाही. सुरू होतो दुःखाने, आजारपणाने, जागा बदलल्याने. टिकतो तो आपण त्यावर केलेल्या उपायांनी, लवकर झोपणं, दिवसा पडणं, झोपेची धास्ती घेणं. म्हणून तर दुःख ओसरलं तरी जाग येतच राहते. तुमच्या सासूबाईंनी सासऱ्यांचं आजारपण काढलं होतं का, रात्री औषधं द्यायला उठायच्या का, हे एकदा निवांत विचारा. दीड वर्षात त्यांनी नवरा, घर, अंगण आणि शेजार सगळंच गमावलंय आणि बहुतेक कुणी त्यांच्याशी त्याबद्दल बसून बोललं नसेल, धावपळीत राहूनच जातं. संध्याकाळी चहाच्या वेळी पंधरा मिनिटं त्यांच्या काळज्यांसाठी ठेवा, गावच्या घराचं काय, घरपट्टी भरली का, कौलं कोण बघणार, जे काही असेल ते बोलू दे, हवं तर वहीत लिहा आणि समोर "उद्या फोन करायचा" असं लिहून टाका. हे दिवसाउजेडी झालं की रात्री दोनला त्यातलं बरंच येत नाही. मात्र त्या सतत उदास असतील, जेवण तुटलं असेल, कशातच मन लागत नसेल, "आता मला कशाला ठेवलंय देवाने" असं वारंवार म्हणत असतील तर ते नैराश्य असू शकतं, पहाटे जाग येणं हे त्याचंही लक्षण आहे, तेव्हा वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा.

बाथरूमला किती वेळा उठतात ते तुम्ही लिहिलं नाहीये. एकदा ठीक, दोनपेक्षा जास्त असेल तर आधी ते सोडवायला हवं, नाहीतर बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी पायावर सूज असते का बघा, नडगीवर अंगठा दाबून ठेवा, खड्डा पडतो का. दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसलं की पाणी पायात साठतं आणि रात्री आडवं झाल्यावर तेच परत रक्तात येऊन लघवीवाटे निघतं. त्यासाठी दुपारी चार-साडेचारला तासभर पाय उशीवर उंच ठेवायचे, झोपायचं नाही, फक्त पाय वर. म्हणजे ते पाणी संध्याकाळीच निघून जातं. बीपीची अॅम्लोडिपिन चालू असेल तर तिनेही पाय सुजतात. लघवीची गोळी चालू असेल तर ती कधी घेतात ते बघा, संध्याकाळी असेल तर वेळ बदलता येते का डॉक्टरांना विचारा. साताच्या पुढे पाणी घोट-घोट, पण दिवसाचं पाणी तोडू नका, विशेषतः मे महिन्यात. साखर वाढलेली असली तरी रात्री लघवीला जास्त होते, आणि उलट साखरेच्या गोळीने किंवा इन्शुलिनने पहाटे साखर उतरली तर घाम येऊन, धडधडून जाग येते. मधुमेह असेल तर एक-दोन रात्री दोन-तीनच्या सुमारास ग्लुकोमीटरवर बघून घ्या. त्यांच्या जागी पुरुष असते तर प्रोस्टेटचं आधी विचारलं असतं.

चहाचं काय? कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हाताऱ्या शरीरात अजून जास्त. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला निम्मा अंगात असतो. शेवटचा चहा दुपारी दोन-अडीचला. चारला हवाच असेल तर गवती चहा, आलं, वेलची उकळून द्या, त्यात चहापत्ती नको, तलफ बरीचशी गरम कपाची असते.

जायफळ घालून दूध, काशाच्या वाटीने तळपाय चोळणं, कोमट पाण्याची अंघोळ, हे विचारतातच सगळे. दूध अर्धा कप, जेवणासोबतच, जायफळ अगदी चिमूट, जास्त जायफळ विषारी असतं आणि भ्रम होतो. तळपाय चोळणं मला मनापासून आवडतं, तूप किंवा खोबरेल लावून पाच-सात मिनिटं, पाय गरम झाले की शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप येताना हीच उतरती उष्णता लागते. शिवाय कुणीतरी आपले पाय हातात घेतं याचं मोल एकट्या पडलेल्या माणसाला किती असतं ते मी काय सांगू. फक्त नंतर तळवे कोरडे पुसा, तेलकट पायाने फरशीवर घसरतात. कोमट अंघोळही त्याच कारणाने काम करते पण ती झोपायच्या एक-दीड तास आधी, अगदी झोपताना नाही. योगासनांचा पुरावाही चांगला आहे, बेंगळुरूत वृद्धाश्रमातल्या लोकांवर २००५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, सहा महिने योग केलेल्या गटाला झोप लागायला साधारण दहा मिनिटं कमी लागू लागली आणि एकूण झोप तासभर वाढली. खुर्चीत बसून हातपाय हलवणं, दीर्घ श्वसन, भ्रामरी एवढं पुष्कळ. जप करत असतील तर उत्तम, पण "जप करते म्हणजे झोप येईल" असं नाही, जपासाठी जप, झोप आली तर आली. झोपेच्या मागे लागलं की ती पुढे पळते.

एक मात्र करू नका, मेडिकलमधून सर्दी-खाजेच्या गोळ्या झोपेसाठी आणणं. अॅव्हिलसारख्या गोळ्यांनी पेंग येते पण म्हाताऱ्या माणसाला लघवी अडकणं, तोंड कोरडं पडणं आणि बरळणं हे त्यातूनच होतं. दम्याची डेरिफायलिन किंवा स्टेरॉइड संध्याकाळी घेत असतील तर तेही झोप उडवतं, सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

काही गोष्टींना घरगुती उपाय चालत नाहीत. मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास थांबून दचकून जाग येणं, हा स्लीप अॅप्निया, तपासणी लागते, आणि त्यात झोपेची गोळी अजून घातक. झोपताना पायात वळवळ, पाय हलवल्याशिवाय चैन नाही, यात लोह कमी असू शकतं, नुसतं हिमोग्लोबिन नाही, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा बघायला सांगा. स्वप्नात ओरडणं, हातपाय झाडणं, हे कधी पार्किन्सनच्या म्हणजे कंपवाताच्या आधी काही वर्षं दिसतं, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. आडवं पडलं की धाप लागणं, हे तर त्याच आठवड्यात.

नोंद ठेवायला अॅप नको, घड्याळ-पट्टा नको, तो पट्टा झोपेचे आकडे दाखवून अजून घोर लावतो. दुधाचा हिशोब लिहितात त्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात सकाळी चार गोष्टी लिहा, किती वाजता अंथरुणात, अंदाजे किती झोप, दुपारी किती, किती वाजता उठल्या. अंदाजानेच. पहिले सात दिवस काहीही न बदलता फक्त हेच लिहा, मी वर जो हिशोब केला तो तुमच्या सांगण्यावरून, खरे आकडे आले की झोपायची वेळ त्यावरून ठरवा. आणि एक आधीच सांगून ठेवते, वेळ कापायला लागलात की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या चिडचिड करतील, "त्यापेक्षा गोळी बरी होती" म्हणतील, दिवसा डोळे जड होतील. बहुतेक घरं नेमकी तिथे सोडतात. त्या दिवसांत त्यांना जिन्यावर एकटं सोडू नका, गॅसपाशी लक्ष ठेवा, आणि रेटून धरा, चौथ्या-पाचव्या आठवड्यात रात्र जुळायला लागते. मग कॅलेंडरचं पान घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळी उतरवायचं बोला. उतरवताना प्रत्येक पायरीला दोन-तीन रात्री वाईट जातात, ते जुनं दुखणं परत आलं असं नसतं, गोळीची सवय सुटतानाचा तो त्रास असतो, हे त्यांनाही आधी सांगा.

हे सगळं सात दिवसांनी. आज संध्याकाळी मात्र एवढं कराच. दिवाणापासून बाथरूमपर्यंतची पायपुसणी उचला, घडी पडलेलं किंवा सरकणारं काहीही त्या वाटेवर नको, चपला बाजूला. गुडघ्याच्या उंचीला एक पिवळसर छोटा दिवा लावा, पांढरा भगभगीत नको. बाथरूमच्या दाराशी आणि कमोडशेजारी धरायला दांडा बसवून घ्या, आणि तोवर निदान एक जड, न सरकणारी खुर्ची वाटेच्या मध्यावर, पण कडेला ठेवा. आणि त्यांना आजच शिकवा, जाग आली की लगेच उभं राहायचं नाही, पाय खाली सोडून काठावर बसायचं, सावकाश वीसपर्यंत मोजायचं किंवा एकदा रामरक्षेतले चार श्लोक म्हणायचे, डोकं हलकं वाटत नाही ना बघायचं, आणि मगच उठायचं.